आईने कुटलेलं झिंक फेराइट

मंगळवारी दुपारी मी प्रयोगशाळेतला पंखा बंद केला, श्वास रोखला आणि कागदावरच्या पावडरीजवळ चुंबक नेलं. पावडर हलली नाही. अजून जवळ नेलं, कागदाखालून फिरवलं. ती विटकरी भुकटी ढिम्म बसून राहिली, अर्ज घेऊन गेलं की कचेरीतला बाबू बसतो तशी. मग मी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची बाटली काढली. तीच पावडर, तीच कृती, तेच आठशे अंश तापमान. तिच्यातली चिमूट कागदावर टाकली, आणि चुंबक बोटभर लांब होतं तोच ती उडून त्याला चिकटली. मी स्टुलावर बसले. आपण दहावीतच नापास व्हायला हवं होतं, एवढं पुढे यायलाच नको होतं, असं मला सात वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

मी दीक्षा. वय एकतीस. तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका कॉलेजात कंत्राटी लेक्चरर आणि सात वर्षांपासून पीएचडीची विद्यार्थिनी. विषय, झिंक फेराइटच्या नॅनोकणांची रचना आणि चुंबकीय गुणधर्म. लोक विचारतात, याचा उपयोग काय? मी पूर्वी औषधं, सेन्सर वगैरे सांगायचे. आता सांगते, उपयोग एवढाच की मला डिग्री मिळेल. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती आणि तिसरी मिळत नाही. परीक्षकाने प्रबंधावर एक शंका काढली होती. तिचं उत्तर गाइडच्या सहीनिशी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठात पोचलं नाही, तर नोंदणी रद्द. माझे गाइड लक्ष्मणराव सर महिनाअखेरीला रिटायर होत होते. पुन्हा नव्याने सुरुवात करायची म्हटलं तरी कोणाच्या दारात उभं राहायचं हा प्रश्न होता.

शंका साधी होती. झिंक फेराइटचा स्फटिक म्हणजे ऑक्सिजनच्या अणूंची एक इमारत समजा. तिच्यात दोन तऱ्हेच्या खोल्या. एका तऱ्हेच्या खोलीत जस्त राहतं, दुसरीत लोखंड. लोखंडाचे अणू जोडीजोडीने एकमेकांविरुद्ध तोंड करून बसतात, म्हणून त्यांचं चुंबकत्व आपसातच मिटतं आणि ही पावडर चुंबकाला भीक घालत नाही. पण कण अगदी बारीक असले की थोडं जस्त आणि थोडं लोखंड खोल्या बदलतं. मग सगळं नीट मिटत नाही आणि पावडरीत चुंबकत्व उरतं. भट्टीत जास्त तापवलं की कण मोठे होतात, जो तो आपल्या खोलीत परत जातो आणि चुंबकत्व उतरतं. माझ्या पाच नमुन्यांत ते उतरत होतं, पण पुरेसं नाही. आठशे अंशांच्या नमुन्याच्या चुंबकत्वाचा आकडा एक किंवा दोन यायला हवा होता, तो नऊ आला होता. सरांनी त्यावर पेपर लिहिला की आमच्या कृतीत खोल्यांची अदलाबदल फार मोठी होते आणि तापवूनही टिकते. पेपर छापून आला, सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. परीक्षकाने एवढंच विचारलं होतं की ती का टिकते.

त्याचं उत्तर शोधायला मी तो नमुना पुन्हा केला. लोखंड आणि जस्ताचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, सायट्रिक ॲसिड घालायचं, अमोनिया सोडायचा आणि तापवत ठेवायचं. घट्ट जेल होतं, एका कोपऱ्याला ठिणगी लागते आणि सगळं आपोआप जळून फुगीर राख होते. ती राख चार तास भट्टीत ठेवायची आणि शेवटी खलात कुटून बारीक करायची. दोन्ही वेळेला सगळं सारखं होतं. फरक फक्त खलाचा होता. या वेळी मी प्रयोगशाळेच्या नव्या खलात कुटलं होतं, तेव्हा नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमचा जुना अकीकाचा खल माझ्याच हातून फुटला. अकीक म्हणजे काचेसारखा कडक दगड, त्याचा कण सुटत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तोच वापरतात. नळाखाली धुताना सटकला आणि मोरीत त्याचे दोन तुकडे झाले. हैदराबादच्या एका संस्थेत चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर मला चार महिन्यांनी नंबर मिळाला होता, आणि पाच नमुने तीन दिवसांत कुरिअर करायचे होते. मी भट्टीतल्या पाच पुड्या घेऊन रडत गुडीहत्नूरच्या पुढे आमच्या गावी गेले. आई म्हणाली, "रडतं काऊन? कुटाचंच आहे ना? माह्या घरी खल आहे."

तिचा खल लोखंडाचा होता. लग्नात मिळालेला, तीस वर्षं मिरची आणि मसाला कुटून आतून चकाकणारा. आमची सगळी काळजी मिरचीची. आईने तो तीन वेळा घासला, उकळतं पाणी ओतलं, दिवसभर उन्हात ठेवला, मग नाक घालून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. मी वास घेऊन पास केला. मला तेव्हा एम.एस्सी.चं सुवर्णपदक होतं. लोखंडाच्या अणूंवर प्रबंध लिहिणाऱ्या पोरीच्या डोक्यात लोखंडाच्या खलाचं लोखंड आलं नाही. घरातला खल हा घरातला खल असतो, तो कशाचा आहे हे कोण बघतं.

दोन दिवस आई कुटत होती. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवून आली की पदर खोचून बसायची. मी चाळायचे आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचे. काम संपल्यावर बाबांच्या जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक आणून मी पावडरीवर धरलं आणि पावडर उडाली. आई लहान पोरीसारखी हसली. बाबा, म्हणजे धोंडीबा, शाळेत शिपाई होते. ते जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि आईला मी वर्षभरात तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने त्या खलात मिरची कुटली नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळून तो फळीवर ठेवला आणि शेजारच्या प्रयागबाईचा खल मागून आणायला लागली. वस्तीत सगळ्यांना सांगून झालं की डिग्रीची पावडर मी कुटली. वायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, घरच्यांनाही बसता येतं हे कळल्यावर पांढरं पातळही काढून ठेवलं. तिथे कोणी विचारलं तर ती उठून सांगणार होती.

बुधवारी सकाळी मी सरांसमोर जुना एक्सआरडीचा आलेख ठेवला. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेला स्फटिकाचा ठसा. प्रत्येक पदार्थाचे उंचवटे ठरलेल्या जागी येतात. आमच्या पाचही आलेखांत चव्वेचाळीस पूर्णांक सात अंशांवर एक बारीक उंचवटा होता, झिंक फेराइटचा नसलेला.

"हे सॅम्पल ठेवाच्या होल्डरचं ॲल्युमिनियम," सर म्हणाले. "तवाच सांगतलं होतं तुले."

"सर, ॲल्युमिनियम असतं तर साडेअडतीसला याच्याहून मोठा उंचवटा दिसला असता. तिथं काहीच नाही. आणि लोखंडाचा मोठा उंचवटा बरोबर इथंच येतो."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते भले माणूस आहेत, हे मी रागातही सांगते. सीमेवरच्या गावात ज्वारी-कापसाच्या घरात जन्मले, तेलुगू माध्यमात मार खात शिकले आणि या जिल्ह्यातल्या पोरांना एका मोडक्या भट्टीवर संशोधन शिकवलं. त्या पेपरवर त्यांचंही नाव होतं आणि रिटायर व्हायला दहा दिवस होते.

"हे तुले आज दिसलं?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला?"

त्यांनी आलेख उलटा करून ठेवला. ते म्हणाले, "दीक्षा, तू नवीन सॅम्पल काऊन केलं? परीक्षकानं खुलासा मागतला, सॅम्पल मागतलं नाई. अदलाबदलीचा खुलासा आपल्यापाशी आहे. मी लिवून ठेवला. सही करतो, तू धाड."

"आणि वायवात खल कोणता म्हणून विचारलं तर?"

"अकीकाचा. प्रबंधात तसंच आहे ना?"

तसंच होतं. ती ओळ मी विचार न करता लिहिली होती. सगळ्यांच्या प्रबंधात तीच ओळ असते. सरांनी दोन पानांच्या खुलाशावर निळ्या शाईने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "पाचपर्यंत मुदत आहे. शुक्रवारी मी ऑफिसात नाई. पोरीच्या घरी चाललो, बासर गावाले." मग खाली बघत म्हणाले, "दुसरं काई लिवलं तं माही सही मागू नको, बाई."

मला अजून आशा होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी अशी की कदाचित खलातून काहीच सुटत नसेल आणि दोष नव्या नमुन्यातच असेल. ते तपासायचा एकच मार्ग होता. संध्याकाळच्या बसने मी नवी, न हलणारी पावडर घेऊन घरी गेले आणि आईला म्हटलं, "आई, अजून एक पुडी कुटायची आहे."

तिने काय करावं? हात धुतले, फळीवरून फडक्यातला खल उतरवला आणि मांडी घालून बसली. "मले वाटलंच होतं, तुले माह्याबिगर जमाचं नाई," म्हणाली. मी आधी पावडरीवर चुंबक धरलं. ती हलली नाही. आईने वाकून ते पाहिलं. मग तिने तासभर कुटलं, एका लयीत, मध्येच बत्त्याने कडा खरवडत. शेजारून प्रयागबाई येऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "झाली का ओ चंपाबाई तुमची डिग्री?" आई म्हणाली, "आता काय, आलीच." मी आत बसून त्या बत्त्याचा प्रत्येक ठोका ऐकत होते आणि देवबीव न मानणारी मी मनात कोणाला तरी म्हणत होते, नको, आज नको उडू.

पावडर काळपट झाली होती. मी चुंबक धरलं आणि ती उडाली.

"उडली पाह्य," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा तिने पाहिला असणार, कारण ती हसायची थांबली.

सकाळपर्यंत मी ठरवलं होतं. खोटं लिहायचं. सगळे लिहितात, मी काय धुतल्या तांदळाची? सात वर्षं मी दुसऱ्यांच्या सुट्ट्यांत तास घेतले, लग्नाची दोन स्थळं नाकारली, बाबा आजारी असताना भट्टीपाशी बसून राहिले. एका खलापायी हे सगळं मातीत घालायचं? एकच अडचण होती. आई वायवाला येणार, आणि कोणी विचारो न विचारो, सांगणार. म्हणून गुरुवारी ती शाळेत जायला निघाली तेव्हा मी म्हटलं, "आई, वायवाला आलीस तर कुटल्याचं बोलू नको. तू हात लावला होता हे कोणाला कळायला नको."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ऐकू आलं.

आईने आयुष्यभर हेच ऐकलं होतं. मजुरीचं धान्य घ्यायला ती खळ्यावर जायची तेव्हा खळ्याचे मालक ते वरून तिच्या ओंजळीत टाकत आणि मापाला हात लावू देत नसत. ही गोष्ट तिने मला शंभरदा सांगितली होती, पण रडून नाही. त्या माणसांची नक्कल करून हसत सांगायची, म्हणजे मी शिकेन. आता मी शिकले होते आणि तेच म्हणत होते.

आईने पायात चप्पल घातली. "बरं," म्हणाली. पिशवी उचलली आणि शाळेत गेली. तिने भांडण केलं असतं, का म्हणून विचारलं असतं, तर मी खुलासा केला असता. दिवसभर मी भिंतीकडे तोंड करून पडून होते आणि जेवले नाही.

शुक्रवारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी सरांच्या सहीचा कागद स्कॅन करून ईमेलला जोडला. साडेतीन वाजले होते. प्रामाणिक वगैरे मी नाही, ते आधीच सांगते. फाइल जोडली, पत्ता टाकला, विषय लिहिला. मग मी दुसरा कागद लिहायला घेतला: नमुने लोखंडाच्या खलात कुटले, त्यांत लोखंड मिसळलं, चुंबकत्वाचं पाचवं प्रकरण चुकीचं आहे, मोजमाप पुन्हा करायला मुदत द्यावी. खाली गाइडच्या सहीची जागा रिकामी. विद्यापीठाच्या दफ्तरात फोन केला. तिकडची बाई तेलुगूत म्हणाली की सही नसलेला कागद आल्याचं धरलं जाणार नाही. मी विचारलं, दोन दिवस? ती म्हणाली, अम्मा, ते माझ्या हातात नाही. ती बरोबर होती. सरांना तीन फोन केले. त्यांनी उचलले नाहीत.

पावणेपाचला दोन्ही मेल समोर उघडे होते. सहीवाला पाठवला तर डिग्री मिळणार होती. आई पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसणार होती, मी खोटं बोलत असताना हात पदराखाली घेऊन. मला ते चित्र पुसता येईना. मी खूप प्रयत्न केला. पाच वाजायला चार मिनिटं असताना मी बिनसहीचा कागद पाठवला आणि टेबलावर डोकं ठेवून ओरडून रडले. शुक्रवारची दुपार, कॉलेजात कोणी नव्हतं. सात मिनिटांनी दफ्तराचं उत्तर आलं की आवश्यक सहीअभावी कागद स्वीकारता येत नाही आणि नियमाप्रमाणे नोंदणी संपुष्टात आली आहे.

घरी जाऊन आईला सांगितलं, "डिग्री नाही होत. सरांनी सही केली नाही." ते खोटं मला सहज जमलं. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. शनिवार तसाच गेला.

रविवारी सकाळी ठसक्याने मला जाग आली. बाहेर आई ओट्यावर बसली होती, दोन पायांच्या मध्ये खल, त्यात लाल मिरच्या. फळीवर नुसतं फडकं घडी घालून ठेवलं होतं.

"आई, हा काऊन काढला?"

"मिरची कुटाची होती."

"प्रयागबाईचा आणाचा ना."

"दोन वर्सं आणला. किती दिवस आणाचा लोकाचा." तिने बत्ता थांबवला. "सरानं सही नाई केली म्हणतेस. नवी पावडर उडली नाई आन मी कुटल्यावर उडली, ते मी पाह्यलं ना, दीक्षे. मंग तू म्हणली, कोणाले सांगू नको. मी का येडी आहो?"

मी तिच्याजवळ खाली बसले. तिने मिरच्या सुपात ओतल्या, खल तिरपा केला, पदराने आतून पुसला आणि माझं बोट धरून तळावर फिरवलं. तिथे गुळगुळीत खोलगट खड्डा होता.

"हे पाह्य. मिरचीनं तीस वर्सांत एवढा झिजला नवता, तेवढा तुह्या पाच पुड्यांनं दोन दिवसात झिजला. पावडर काळी पडून राह्यली होती तेबी दिसत होतं. तवाच माह्या मनात आलतं, हे लोखंड चाललं कुठं."

"मंग पुसलं काऊन नाई, आई?"

"तू शिकलेली," ती म्हणाली. "तुले मी काय पुसू."

तिने खल सरळ केला, मिरच्या परत टाकल्या आणि कुटायला लागली. मी तिच्या हातातून बत्ता घेतला. तिने तो घेऊ दिला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिच्याही, आणि तिखट धूळ वस्तीच्या रस्त्यापर्यंत गेली. प्रयागबाई खोकत खोकत दारात आली. "काऊन ओ," ती म्हणाली, "डिग्रीच्या खलात मिरची?"

"हाव," आई म्हणाली. "डिग्रीचं काम संपलं त्याचं."